उसाच्या घड्याळावरची बालवाडी

पहाटे ४

कोपीवरचा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवरचा, दिवस माझ्या दिवसाच्या कितीतरी आधी सुरू होतो. सोमेश्वर साखर कारखान्याच्या आसपास ऊसतोड टोळ्यांचे तळ आहेत, तिथे या वेळेला चुली पेटलेल्या असतात. बाया दोन वेळच्या भाकरी एकदम थापतात, गडी बैलांपुढे वाढं टाकतात. बीडकडच्या, अहिल्यानगरच्या पूर्व भागातल्या, जळगाव-नंदुरबारकडच्या या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे बारामती-इंदापुरात उतरतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, इथेच राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल त्या जोडीच्या नावावर असते. बाई लेकराला घेऊन कोपीवर थांबली, की खाडा पडतो आणि उचलीची फेड तेवढी मागे राहते.

पाचच्या सुमाराला गाड्या फडाकडे निघतात. धाकटं लेकरू गोधडीसकट गाडीत तरी जातं, नाहीतर कोपीत थोरल्या बहिणीच्या भरवशावर राहतं. ही थोरली म्हणजे आठ-दहा वर्षांची पोर.

सकाळी ६.३०

स्कूटी रस्त्यावर लावून पाऊलवाटेनं तळावर येते. जानेवारीत कालव्याकडेला बोटं गोठतात. बालवाडी म्हणजे एक ताडपत्री, एक पत्र्याची पेटी आणि खराट्यानं झाडून घेतलेली जमीन. हंगाम संपला की ताडपत्री गुंडाळायची. सोमेश्वरच्या परिसरात 'कोपीवरची शाळा' हे नाव आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय, त्यामुळे मला कुणी 'तुम्ही कोण?' असं विचारत नाही. 'बाई आल्या' एवढंच.

इतक्या लवकर का, असं गावातले लोक विचारतात. दहाला उघडलेली बालवाडी इथल्या मुलांच्या काय कामाची? तोवर धाकटं फडात उसाच्या सावलीला निजलेलं असतं किंवा थोरलीच्या कडेवर तळभर फिरत असतं. धाकटं ताडपत्रीवर आलं तरच थोरलीचे हात मोकळे होतात आणि ती जिल्हा परिषदेच्या शाळेची वाट धरते. शिक्षण हक्काचा २००९चा कायदा सहा ते चौदा वयाचा आहे. कोपीवर मात्र थोरलीची शाळा धाकट्याच्या वयावर अडते. तीन वर्षांच्या मुलाला आम्ही सांभाळणं हेच दहा वर्षांच्या मुलीचं शिक्षण आहे, हे आमच्या कामाचं मूळ. बाकी सगळं त्यावरचं पलिस्तर.

सकाळी ७ ते ८

या तासाचं वर्णन अहवालात कधीच येत नाही. नाकं पुसायची, तोंडं धुवायची, केस विंचरायचे, डोळ्यांत गेलेली उसाची कुसळं बघायची. थंडीत पाणी कोमट लागतं, त्यासाठी मागच्या कोपीतली मावशी चूल विझवत नाही. ती आजारी सुनेसाठी गावाकडून आलीय, फडात जात नाही. रोज तिचं एकच पालुपद, "बाई, लेकरांना आधी खाऊ घाला, मंग शिकवा." खरंच आहे ते. रात्रीची भाकर आणि चहा एवढ्यावर आलेलं पोर गाण्यात हात हलवत नाही, नुसतं बघत बसतं. म्हणून आधी चुरमुरे-शेंगदाणे, मग गोल.

सकाळी ८

गोल धरला की आवाज फुटतात. बीडची पोरं मराठीच बोलतात, पण त्यांच्या हेलाला इथली पोरं हसतात. बंजारा तांड्यावरची लेकरं घरात गोरमाटी बोलतात आणि पहिले काही आठवडे माझ्याशी फक्त मानेनं. त्यांच्यातली एक मोठी मुलगी शाळेत जाण्याआधी थोडा वेळ दुभाष्या होते. 'पाणी', 'शी', 'आई कुठे?' एवढे शब्द मी तिच्याकडून शिकले, अक्षरओळखीच्या आधी तेच लागतात.

साहित्य पेटीत कमी, आजूबाजूला जास्त. चिंचोके मोजायला. उसाच्या कांड्या लहान-मोठ्या रांगेत लावायला. पाचटाची बाहुली. लाल मातीत आणि राखेत बोटांनी चित्रं. प्रशिक्षणात आम्हाला केनियातल्या मोंबासाचं सांगितलं होतं. १९८०च्या दशकात आगाखान फाउंडेशनच्या मदतीनं तिथे वस्त्यांमध्ये बालवाड्या सुरू झाल्या, वस्तीतल्याच बायकांना शिकवून उभं केलं आणि खेळणी आसपासच्या वस्तूंतून केली. ऐकताना गंमत वाटली, कारण हे आपल्याकडे त्याच्याही आधी झालंय. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत अंगणातली बालवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालली. त्यांच्या बरोबरीनं राबलेल्या अनुताई वाघ जन्मानं मोरगावच्या, म्हणजे आमच्याच बारामती तालुक्यातल्या. मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या गर्दीत हे किती जणांना माहीत असेल, शंका आहे. मूल गुरांमागे गेलं तर शाळा कुरणात न्यायची, हा हिशोब उसाच्या फडालाही लागू पडतो. फक्त गुरं संध्याकाळी घरी येतात, कारखान्याच्या काट्यावरच्या गाडीचा काही भरवसा नाही.

सकाळी १०.३०

थोरल्या मुली शाळेला गेल्या. तीन ते सहा वयाची पोरं रांगेनं गावातल्या अंगणवाडीत. तिथे गरम आहार मिळतो, वजन होतं, लस चुकली असेल तर कळते. अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली ती एका जागी राहणारं मूल धरून. सहा महिने इथे, सहा महिने तिथे असणाऱ्या मुलाची नोंद गावाकडच्या रजिस्टरात आणि पोट इथे, असा घोळ वर्षानुवर्षं होता. आता स्थलांतरितांची नोंद मोबाइलवर करता येते, पण त्यासाठी आईचं आधार कार्ड लागतं आणि ते कधीकधी मुकादमाच्या पिशवीत असतं. सेविकाताई समजूतदार आहेत. नोंद व्हायच्या आधीच ताट वाढतात.

दुपारी १

धाकटी झोपतात. मी वही काढते. आमचं काम देणग्यांवर चालतं आणि देणगी देणाऱ्यांना रंगीत पुस्तकं, दप्तरं, फोटोतली पाटी आवडते. त्यात वाईट काही नाही. पण सकाळी साडेसहाला तळावर हजर असणाऱ्या बाईच्या मानधनाला पैसे मागितले, की 'हा प्रशासकीय खर्च झाला' असं उत्तर येतं. माझ्या मते या कामातला तोच एक खरा खर्च आहे.

दुपारी ३

बाया डोक्यावर वाढ्याचे भारे घेऊन परततात. ते विकून किराणा येतो. गडी गाडी भरून कारखान्यावर गेलेले, काट्याची रांग सरेल तेव्हा येतील. आई दिसली की सगळी शिस्त संपते. एकीनं विचारलं, "आज ह्यानं काय केलं?" मी म्हटलं, "सात चिंचोके मोजले." ती म्हणाली, "मग कोयत्याला तरी नाय जाणार," आणि भारा टाकून त्याला उचललं. एवढं वचन मी देऊ शकत नाही, तिला तसं सांगितलंही नाही.

संध्याकाळी ६

शाळेतून आलेल्यांचा अभ्यास, सोलर दिव्यात. तासभरच, कारण मुलींना पाणी भरायचं असतं आणि भाकरीचं पीठ मळायचं असतं.

मुकादम मोटारसायकलवर आला. इथला ऊस संपत आला. निम्मी टोळी परवा इंदापूरच्या बाजूला, बिजवडीकडे हलणार. मी नावं उतरवून घेतली. वय, वजन, कुणाला खोकला आहे, कोणती पोर मराठी समजते पण बोलत नाही, कोण अंधाराला घाबरतं. तिकडच्या ताईला फोन लावला. ती म्हणाली, "आमच्याकडे ताडपत्री फाटलीय, पण पाठवा. किती वाजता निघतायत?" मी म्हटलं, "पहाटे चारला." ती म्हणाली, "मग मी सहाला तिथे थांबते."