वलगणीचे मासे आणि अंड्यातील पहिले तास

ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळ मासुंदा तलाव आहे. अशा संथ पाण्याच्या तलावात रोहू, कटला व मृगळ हे मासे सोडले तर ते वाढतात. परंतु तेथे अंडी घालीत नाहीत. पावसाळी पुराचे वाहते पाणी लाभल्यावाचून त्यांची नैसर्गिक वीण होत नाही. म्हणून त्यांचे बीज बाहेरून आणावे लागते. याउलट, याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे पहिल्या जोरदार पावसात ओढ्यानाल्यांतील काही गावरान मासे आपण होऊन भातखाचरांत चढतात. यासच आपण वलगण म्हणतो. पावसाचे नवे, उथळ पाणी ही त्या माशांस मिळालेली सूचनाच होय.

ही सूचना मादीपुरतीच नसते. अंड्यातील गर्भाची वाढही सभोवतालच्या पाण्यावर ठरते. रोहूचे अंडे सुमारे २७ ते ३१ अंश सेल्सिअस उष्णतामानात १४ ते १८ तासांत फुटते. पाणी गार असल्यास अधिक वेळ लागतो. गर्भ प्राणवायू घेतो तो अंड्याच्या पातळ आवरणातून. त्यावर गाळ बसला अथवा पाणी कुजले, तर वाढ मंदावते, पिलू व्यंग घेऊन निघते किंवा अंड्यातच मरते.

या अल्पकाळाचा परिणाम पुढे टिकतो काय? गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील ओढ्यांत व भातखाचरांत आढळणाऱ्या झेब्रा माशावर स्कॉट व जॉन्स्टन या शास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाले. अंडी २२, २७ व ३२ अंशांत ठेवून पुढे सर्व पिले २७ अंशांतच वाढविली. तरीही मोठेपणी, पाणी गार वा उष्ण केले असता, त्यांच्या पोहण्याच्या शक्तीत व स्नायूंच्या घडणीत फरक दिसून आला. रोपवाटिकेतील हयगय लावणीनंतर भरून निघत नाही, हे भातकरी जाणतातच. माशांचेही तसेच आहे.

तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसापूर्वीच शेतकरी बंधूंस पुढील गोष्टी समजावून द्याव्यात. वलगणीचा मासा बहुधा अंड्यांनी भरलेला असतो. खाचराच्या प्रत्येक तोंडाशी सापळा लावू नये. काही वाटा मोकळ्या ठेवाव्यात. जेथे वीण झाली, तेथील पाणी पहिले काही दिवस एकदम सोडून देऊ नये, गढूळ करू नये व तेथे कीटकनाशक फवारू नये. आज पकडलेली पाटीभर मासळी एका दिवसात संपते. थोडे दिवस धीर धरल्यास पुढील हंगामातही ओढ्यात मासळी राहील.