लायोलच्या मधमाशीचा खटला

घडीच्या चाकूंची ओढ मला शाळकरी वयापासून आहे. जमवण्याचा नाद पुढे ओसरला, पण एक प्रश्न मनातून जाईना: रोज खिशात बाळगायला जुन्या घाटाचा एकच चाकू ठेवायचा, तर कोणता? रामपुरीला सिनेमाने इतकं बदनाम केलं आहे, की तो जवळ ठेवून फलाटावर उभं राहणंही नको वाटतं. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी देखणा खरा, पण त्याला ना कमान ना कुलूप. पात्याची मागची शेपटी अंगठ्याने दाबून धरावी लागते, आणि ओल्या हाताने फळ कापताना त्याचा भरवसा वाटत नाही. उरतात फ्रान्सचे दोन चाकू: साव्हॉयचा ओपिनेल आणि ओब्राक पठारावरचा लायोल.

ओपिनेलची कुळकथा सरळ आहे. अवजारं घडवणाऱ्या घरातल्या जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये हा चाकू केला, 1897 मध्ये त्याचे 1 ते 12 नंबर ठरले, आणि 1955 मध्ये मार्सेल ओपिनेलने पातं जागच्या जागी अडकवणारी फिरती कडी बसवली. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, मूठ बीच लाकडाची. कोकणात पावसाळ्यात हे लाकूड फुगतं आणि पातं खाचेत घट्ट बसतं. नखाने कितीही ओढा, हलत नाही. त्यावर साव्हॉयच्या शेतकऱ्यांचाच उपाय आहे. कडी मोकळी करून मुठीचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, की पातं आपसूक थोडं बाहेर येतं. कार्बन पोलादाच्या पात्याने कैरी कापून तसंच ठेवलं तर डाग पडतात, म्हणून ते लगेच पुसावं. याखेरीज ओपिनेलबद्दल माझी तक्रार नाही. त्याचा इतिहास एका घराण्याचा, त्यामुळे मालकी कुणाची हा वादही नाही.

लायोलचं तसं नाही. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरोन जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर याच नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम तेराशे. तिथल्या प्येर-झाँ काल्मेल्सने 1829 मध्ये घडीचा चाकू केल्याचं सांगतात. पुढे त्याला टोच्या जोडला गेला. पठारावर गुरं पाळणारी माणसं. कोवळा चारा खाऊन गाईचं पोट फुगलं, की कुशीत नेमक्या जागी भोक पाडून वायू काढून द्यायचा, त्यासाठी तो टोच्या. गावची मुलं पॅरिसच्या कॅफेंमध्ये वाढप्याच्या कामाला जाऊ लागली, तेव्हा 1880 च्या सुमारास बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही आला. चाकूची अशी वाढ मला फार मोलाची वाटते, कारण प्रत्येक भागामागे कुणाची तरी रोजची गरज उभी आहे. मुठीवर खिळ्यांनी काढलेला क्रूस मेंढपाळांच्या प्रार्थनेसाठी होता असं म्हणतात. कमानीवर शोभेला असते ती मधमाशी मात्र विसाव्या शतकातली. ती नेपोलियनने बहाल केली ही गोष्ट दुकानदार हमखास सांगतात, आणि ती खोटी आहे.

या चाकूवर संशोधन करताना मी सर्वाधिक रेंगाळलो तो तिएरपाशी. लायोलच्या उत्तरेला, पुई-द-दोम जिल्ह्यात, द्युरोल नदीच्या घळीत वसलेलं हे शहर शतकानुशतकं चाकू करत आलं आहे. पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या दगडी चाकांवर पाती घासणारे कारागीर फळीवर पालथे पडून काम करायचे, आणि खालच्या थंड पाण्याने गारठू नये म्हणून पायांवर कुत्रा बसवायचे. घडवणारा वेगळा, घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लायोल घाटाचे चाकू इथेच होऊ लागले, आणि पहिल्या महायुद्धानंतर मूळ गावातला धंदा जवळजवळ बुडाला. 1987 मध्ये गावात पुन्हा कारखाना उभा राहिला. त्याची इमारत डिझाइनर फिलिप स्टार्कने आखली. छतातून अठरा मीटर उंच पातं वर निघतं. म्हणजे मधली कित्येक दशकं हा घाट जिवंत ठेवला तो तिएरच्या पालथ्या पडलेल्या माणसांनी.

खरा धक्का पुढे बसला. 1993 मध्ये पॅरिस भागातल्या एका उद्योजकाने ‘लायोल’ हे नाव कितीतरी प्रकारच्या मालासाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं, आणि परदेशी बनावटीच्या वस्तूंवरही ते झळकू लागलं. गावकऱ्यांना आपल्याच गावाच्या नावाने माल विकताना अडचण येऊ लागली. गाव कोर्टात गेलं आणि हरलं. चाकूपुरतं हे नाव सर्वसाधारण झालं आहे, कुणीही वापरावं, हा मुद्दा त्या खटल्यांत पुन्हा पुन्हा येतो. सप्टेंबर 2012 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने पुन्हा गावाविरुद्ध निकाल दिला, तेव्हा महापौर व्हॅन्साँ आलाझार यांच्यासह गावकऱ्यांनी वेशीवरची गावाच्या नावाची पाटी उतरवली. 2014 मध्ये अपील फेटाळलं गेलं. 2016 मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल काही अंशी रद्द केला, आणि मार्च 2019 मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्या उद्योजकाची वीस चिन्हं रद्दबातल ठरवली. गावाने जवळजवळ पंचवीस वर्षं हा लढा दिला.

या विजयाचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यानंतर गाव आणि तिएर यांच्यात जो झगडा उरला, त्यात मी तिएरच्या बाजूने आहे. 2014 च्या कायद्याने फ्रान्समध्ये हस्तकलेच्या वस्तूंनाही भौगोलिक मानांकनाची सोय झाली, आणि लायोल चाकूच्या हद्दीत कोण बसतं यावर दोन्हीकडचे कारागीर हमरीतुमरीवर आले. गावाचं म्हणणं, जन्म आमच्या मातीत झाला. तिएरचं म्हणणं, पोसला आम्ही. पिढ्यान्‌पिढ्या पाती घासणाऱ्यांना हद्दीबाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. परदेशी नक्कल आणि तिएरचं काम यांना एकाच तागडीत तोलू नये.

रोजच्या वापराला मी आठ नंबरचा ओपिनेलच सुचवेन. तो स्वस्त आहे, त्याचं पातं अडकतं, आणि हरवला तर जीव हळहळत नाही. जेवणाच्या पानाशी, भाकरी-कांद्याला, लायोल हवा. तिथे त्याचं निमुळतं पातं हलक्या हाताने चालतं. घेताना मधमाशी पाहून भुलू नका. ती कोणीही बसवू शकतो, आणि तिएरच्या प्रामाणिक चाकूंवरही ती कित्येकदा कमानीला जोडलेली असते; कमानीच्याच लोखंडातून घडवलेली मधमाशी महागड्या चाकूंवर सापडते. पात्यावर कारखान्याचं नाव कोरलेलं आहे का ते बघा. नुसतं ‘लायोल’ लिहिलं असेल तर तो कुठूनही आलेला असू शकतो. मग चाकू अर्धा मिटून उजेडासमोर धरा, पातं मुठीच्या दोन फळ्यांच्या बरोबर मध्ये उतरतं का ते पाहा, आणि मिटताना बोटाने आधार द्या. झटक्यात मिटवला तर काही चाकूंची धार आत कमानीवर आपटते आणि बोथट होते.