तंबाखू नाही, तरीही गाठ

मुखारोग्य लेखमाला : या आठवड्यात तोंडातल्या मऊ ऊतींचे दुर्मीळ कर्करोग

मराठवाड्यात कुणी तोंड दाखवायला दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "तंबाखू, गुटखा, मावा... काय खाता?" प्रश्न रास्तच आहे. तोंडाच्या दर दहा कर्करोगांपैकी नऊहून अधिक तोंडाच्या अस्तरात उगवतात आणि त्यांत तंबाखू-सुपारीचा हात उघड आहे. टाटा रुग्णालयातले विकृतितज्ज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी मुंबईतल्या मुखकर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा १९४४ साली प्रसिद्ध केला. पुढच्या पिढ्यांतल्या डॉक्टरांची नजर तंबाखूच्याच दिशेने घडत गेली. मागच्या भागांत आपणही पांढरे-लाल चट्टे आणि न भरणारी जखम याच वाटेने चाललो.

आज अस्तराच्या खाली उतरू. तिथे स्नायू आहेत, चरबी आहे, रक्तवाहिन्या आणि नसा आहेत. या मऊ ऊतींत उठणारा कर्करोग म्हणजे सार्कोमा. डोकं आणि मान या भागातल्या कर्करोगांत त्याचा वाटा साधारण शंभरात एक. नुसतं तोंड धरलं तर त्याहूनही कमी. मराठवाड्यातल्या पाचोडसारख्या गावात दात काढणाऱ्या, कवळ्या बसवणाऱ्या डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत असा एकही रुग्ण दिसला नाही तर नवल नाही. जे कधी पाहिलंच नाही ते ओळखायचं कसं, ही खरी अडचण.

त्यात ही गाठ दिसायला साधी. वर चट्टा नाही, सुरुवातीला जखमही नाही. अस्तर गुळगुळीत आणि खाली गालात, जिभेत किंवा टाळूवर फुगवटा, बहुतेकदा न दुखणारा. रुग्ण शाळकरी पोर असू शकतं, कारण स्नायूंच्या पेशींशी नातं सांगणारा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा मुख्यतः लहान वयातला. अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा हा आणखी दुर्मीळ प्रकार कोवळ्या वयात जिभेत येतो. त्यात रक्तवाहिन्या इतक्या दाट असतात की रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ समजून तो वर्षभर तसाच राहू शकतो. ठरलेल्या प्रश्नाला मूल काय उत्तर देणार? "काहीच खात नाही." मग आईला सांगितलं जातं, "काळजी करू नका." माझ्या मते तोंडाच्या तपासणीतलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच.

म्हणून प्रत्येक गाठीला घाबरायचं का? मुळीच नाही. बहुतेक गाठी दात लागून-लागून झालेल्या, लाळेच्या किंवा चरबीच्या असतात. गरोदरपणात हिरडीवर लालभडक, बोट लागताच रक्त येणारी गाठ उठते, ती बाळंतपणानंतर सहसा ओसरते. पाचोडचं नाव आरोग्यक्षेत्रात ज्यामुळे झालं, ती 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट' वर्षानुवर्षं कमी वयात लग्न झालेल्या मुलींच्या आरोग्यावर काम करते आहे. अशा मुलींची गरोदरपणात तपासणी करताना हिरडीही पाहावी, एवढं मला सुचवावंसं वाटतं. जी गाठ आठवड्यांच्या हिशेबाने वाढते, बाळंतपणानंतरही ओसरत नाही किंवा काढल्यावर पुन्हा येते, तिचा तुकडा तपासायलाच हवा.

इथे गावातली भीती आडवी येते : चाकू लागला की कॅन्सर पसरतो. नीट आखून घेतलेल्या तुकड्याने रोग पसरत नाही. खरं नुकसान होतं ते घाईने अख्खी गाठ काढून टाकल्यावर. सार्कोमाभोवती फसवं आवरण असतं. शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ निघते, सगळ्यांना हायसं वाटतं आणि पेशी मागे उरतात. म्हणून संशय असला तर शक्यतो आधी एमआरआय, कारण काप दिल्यानंतरची सूज चित्र गढूळ करते. मग सडक्या भागातून नाही, तर गाठीच्या जिवंत भागातून पुरेसा खोल तुकडा. आणि तोही अशा जागी, की पुढे मोठ्या शस्त्रक्रियेत ती वाटही कापून काढता येईल.

तुकडा निघाला की बाटलीकडे लक्ष द्यावं. ती रुंद तोंडाची हवी. फॉर्मलिनमध्ये मांस कडक होतं आणि अरुंद तोंडातून आत गेलेला तुकडा बाहेर येत नाही. दहा टक्क्यांचं फॉर्मलिन, तुकड्याच्या किमान दहापट. सलाइन नको, साधं पाणी तर नकोच. सोबतच्या कागदावर 'गालातली गाठ' एवढंच लिहून भागत नाही. वय किती, किती दिवसांत वाढली, आधी काढली होती का, तंबाखूची सवय आहे की नाही, हे सगळं हवं. सूक्ष्मदर्शकाखाली बसलेल्या माणसाला रुग्ण दिसत नाही, कागद दिसतो.

प्रयोगशाळेत तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप निघतात, गुलाबी-जांभळा रंग चढतो. दिसतात चातीसारख्या निमुळत्या पेशी, एकीसारखी दुसरी. स्नायूची गाठ, नसेची गाठ, तंतूंची गाठ, सगळ्यांत असंच दिसू शकतं. एवढंच काय, अस्तराचा नेहमीचा कर्करोगही कधीकधी हे रूप घेतो, आणि तोंडात तोच अधिक सापडत असल्याने आधी त्याला बाद करावं लागतं. जिभेवरची ग्रॅन्युलर सेल ट्यूमर उलटा चकवा देते. ती साधी गाठ, पण तिच्यावरचं अस्तर असं वाढतं की उथळ तुकडा पाहून कर्करोगाचा अहवाल जाऊ शकतो.

हा गुंता सोडवतात प्रतिपिंडं. अल्बर्ट कून्स यांनी चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं वापरून पेशींतली द्रव्यं हुडकायची युक्ती १९४१ साली मांडली. मुंबईत टाटा रुग्णालय सुरू झालं तेही त्याच वर्षी. आज केराटिन उमटलं तर अस्तराकडे बोट, डेस्मिन आणि मायोजेनिन उमटलं तर स्नायूकडे, एस-१०० नसेकडे, सीडी-३१ रक्तवाहिनीकडे. मात्र एकट्या साक्षीवर निकाल देत नाहीत. सायनोव्हियल सार्कोमातही केराटिन उमटतं. तिथे मग एसएस-१८ या जनुकाची तुटून झालेली जोडणी शोधतात.

पाचोडहून हे सगळं पन्नासेक किलोमीटरवर सुरू होतं. संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, घाटी रुग्णालय आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. शंका उरलीच तर मुंबईला आधी ब्लॉक आणि स्लाइड पाठवून दुसरं मत घेता येतं, त्यासाठी रुग्णाची फरफट नको. ब्लॉक आणि स्लाइड मागायला संकोचू नये. ब्लॉक मेणाचा असतो, तेव्हा उन्हात तापलेल्या गाडीत तो ठेवू नये.

नाव पक्कं झालं की पुढचं सगळं बदलतं. अस्तराचा कर्करोग आधी मानेतल्या गाठींकडे जातो. बहुतेक सार्कोमा रक्तातून फुप्फुसात उतरतात, म्हणून छातीचा सीटी स्कॅन लागतो. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमात मुख्य भिस्त केमोथेरपीवर असते, आणि अनेकदा चाकूआधी तीच सुरू होते.

पुढच्या आठवड्यात : टाळूवरची गाठ आणि लहान लाळग्रंथी.