फ्रेंच टोस्ट बिघडतो कुठे?

नाव फ्रेंच असलं तरी हा पदार्थ त्याहून कितीतरी जुना आहे. अपिशियसच्या नावावर असलेल्या रोमन पाककृतिसंग्रहात पांढऱ्या ब्रेडच्या कडा काढा, दुधात भिजवा, तेलात तळा आणि वर मध ओता, असं चक्क सांगितलंय!

खरी मेख ब्रेडमध्येच आहे. ताज्या, लुसलुशीत स्लाइसमध्ये दूध शिरलं की लगदा झालाच म्हणून समजा. कालचा ब्रेड बरा, पण पिशवीत बांधून ठेवलेला ब्रेड शिळा झाला तरी नीट सुकत नाही. म्हणून स्लाइस कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर, रंग न येऊ देता, दोन्ही बाजूंनी सुकवून घ्या. मग त्या दूध पितात आणि तरी मोडत नाहीत.

अंड्याचा वास नको? तो मुख्यतः पांढऱ्या भागातल्या गंधकाच्या संयुगांचा. अर्धा कप दुधाला एक अख्खं अंडं आणि एक नुसता बलक घेऊन बघा, आत थेट कस्टर्ड लागेल. मिश्रण गाळून घ्यायला कंटाळू नका. न फेटलेले पांढरे तंतू स्लाइसला चिकटले, की त्यांचे ऑम्लेटसारखे चट्टे पडतात. दालचिनीची पूड दुधावर तरंगते आणि पहिलीच स्लाइस ती सगळी उचलते. आधी साखरेत कालवा.

आता आच. मोठ्या आचेवर बाहेरून काळं, आतून कच्चं. लोण्यातले दुधाचे कण लवकर करपतात. आपल्या साजूक तुपातून ते आधीच निघून गेलेले असतात, म्हणून तूप उत्तम. साखरही मिश्रणात बेताचीच घाला. उरलेली शेवटच्या मिनिटाला वर भुरभुरवून स्लाइस उलटा, खमंग कुरकुरीत पापुद्रा येतो.

'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' (1979) पाहिलाय? डस्टिन हॉफमनने रंगवलेला बाप सुरुवातीला कॉफीच्या मगात ब्रेड दुमडून कोंबतो आणि सगळा विचका करतो. शेवटी बापलेक तोच टोस्ट सफाईने करतात. बापाचं बदलणं इतक्या चविष्ट रीतीने क्वचितच दिसलं असेल.

स्पेनमध्ये ईस्टरच्या आधी 'तोर्रिखास' होतात: दालचिनी आणि लिंबाची साल घालून उकळलेल्या दुधात ब्रेड भिजवायचा, अंड्यात घोळवून तळायचा. हाँगकाँगची तऱ्हा आणखी धमाल. दोन स्लाइसमध्ये पीनट बटर, मग अंड्यात बुडवून भरपूर तेलात तळण, वर लोण्याचा तुकडा आणि कंडेन्स्ड मिल्कची धार.

आणि आपला तिखट? त्यात साखर मुळीच नको. कांदा-मिरची-कोथिंबीर अंड्यात कालवली तर तळाशी बसते. त्यापेक्षा स्लाइस तव्यावर टाका, वरच्या ओल्या बाजूवर ती चिमटीने पसरा, कालथ्याने हलकेच दाबा आणि मग उलटा. सोबत टोमॅटो सॉस हवाच!