लॅपटॉपवरची हलाल रोजी

लग्नाच्या बोलणीत "मुलगा काय करतो?" हा प्रश्न आला की काही उत्तरे आपल्याकडे लगेच पटतात. शिक्षक आहे, रोलिंग मिलमध्ये आहे, बियाण्यांच्या कंपनीत आहे, सौदीला आहे, मोंढ्यात दुकान आहे. पण "घरी बसून वेबसाइट बनवतो" असे सांगितले की समोरचे बुजुर्ग क्षणभर गप्प होतात आणि हळूच विचारतात, "म्हणजे सध्या रिकामाच आहे का?"

जालना शहरात आणि अंबड, परतूर, भोकरदनसारख्या तालुक्यांच्या गावीही आता असे तरुण दिसू लागले आहेत. ते कोणाच्या नोकरीत नाहीत. स्वतः काम मिळवतात, करून देतात आणि कामाप्रमाणे पैसे घेतात. त्यांना फ्रीलान्सर म्हणतात. आमच्या वर्गांतून शिकून गेलेल्या काही मुला-मुलींनीही हाच मार्ग धरला आहे. त्यांचे काम नेमके काय असते, दिवस कसा जातो आणि रोज इंटरनेटच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या या मुलांना माध्यमे कशी दिसतात, हे घरातल्या मोठ्यांनी समजून घेतले पाहिजे. कारण हा धंदा टिकेल की मोडेल, हे अर्धे त्या मुलावर आणि अर्धे त्याच्या घरावर अवलंबून असते.

हा धंदा आहे तरी काय?

शिंप्याचे उदाहरण घ्या. गिऱ्हाईक कापड आणते, माप देते, शिंपी कापतो, कच्ची शिलाई घालून दाखवतो, दुरुस्ती करून कपडा देतो. वेब डिझायनरही तेच करतो. दुकानदार, डॉक्टर किंवा शाळा आपली माहिती आणि फोटो देते. तो पानांची मांडणी ठरवतो, नमुना दाखवतो, सुचवलेले बदल करतो आणि मग ती वेबसाइट जगासाठी खुली होते. त्यानंतरची देखभाल वेगळी.

या धंद्याला भांडवल कमी लागते, त्याला कारण आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांसाठी मोफत खुली केली. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. २००३ मध्ये आलेले वर्डप्रेस हे वेबसाइट बनवण्याचे साधनही मोफतच आहे. त्यामुळे घनसावंगीच्या मुलाला या कामासाठी कोणाला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. लागतो तो साधा लॅपटॉप, बरे नेट, वीज गेली तर इन्व्हर्टर आणि शिकण्याची चिकाटी.

यासाठी मोठी पदवी हवीच असेही नाही. राजस्थानातील अलवरचे इम्रान खान हे संस्कृत शाळेतील शिक्षक. संगणकाचे रीतसर शिक्षण नसताना पुस्तके वाचून ते आधी वेबसाइट बनवायला शिकले. अलवरचे तत्कालीन जिल्हाधिकारी आशुतोष पेडणेकर यांच्या सूचनेवरून ते मुलांसाठी शैक्षणिक ॲप बनवू लागले आणि पन्नासहून अधिक ॲप त्यांनी मोफत दिली. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर पंतप्रधानांनी त्यांचे नाव घेतले, तेव्हा देशाला हे शिक्षक कळले.

गाव लहान आहे म्हणून काम लहान राहते, हेही जालन्याने कधीच खोटे ठरवले आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथूनच महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

कामे कोणती, आणि आपले वैशिष्ट्य कोणते?

नव्या डिझायनरची पहिली कामे ओळखीतूनच येतात. बियाणे-खतांचे दुकान, मोसंबीचा व्यापारी, दवाखाना, केटरिंगवाले, उमराह टूर, शाळा. कामे छोटी असली तरी हात बसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला नमुना तयार होतो.

आपल्या मुलांकडे एक गोष्ट अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या अनेक डिझायनरांकडे नसते. ती मराठी शाळेत शिकतात, घरात दखनी बोलतात आणि उर्दू वाचतात. मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांची वेबसाइट नीट बनवणे हे खास हुनर आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि नस्तालिक लिपीत शब्द तिरका खाली उतरतो. मराठी पानाला पुरणारे दोन ओळींमधले अंतर उर्दूला पुरत नाही आणि वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीच्या डोक्यावर बसतात. ज्याला उर्दू वाचता येत नाही, त्याला ही चूक दिसतही नाही.

उर्दू वर्तमानपत्रे एकेकाळी कातिब हाताने लिहीत. मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांच्या हजारो जोडण्या हाताने लिहून काढल्या आणि १९८१ मध्ये नूरी नस्तालिकच्या रूपाने ही लिपी संगणकावर आणली. पण वेबवर उर्दू बराच काळ चित्राच्या रूपातच राहिली. इनपेजमध्ये मजकूर टाइप करायचा, त्याचे चित्र करायचे आणि ते लावायचे. चित्रातला शब्द गुगलला सापडत नाही आणि अंध व्यक्तीच्या मोबाइलला तो वाचूनही दाखवता येत नाही. मराठीचेही हाल वेगळे नव्हते. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की भलतीच चिन्हे दिसत. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने देवनागरी आणि अरबी लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी मंगल हा देवनागरी फॉन्ट घडवला. २०१४ मध्ये गुगलचा मोफत नोटो नस्तालिक उर्दू आला आणि त्याच वर्षी देवनागरीतले '.भारत' हे पत्तेही मिळू लागले. साधने आली आहेत. आपल्या मदरशांची, वाचनालयांची, उर्दू शाळांची माहिती मात्र अजून कितीतरी ठिकाणी चित्रांत किंवा कागदांतच पडून आहे. हे काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाही.

वेळेचा हिशेब

घरून काम करणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मोकळा दिसणारा दिवस. ऑफिसची घंटा नाही, साहेब नाही, हजेरी नाही. मग काम रात्रीवर जाते, रात्र पहाटेवर जाते आणि फज्र हुकते.

तिर्मिजीच्या हदीससंग्रहात हजरत सख्र गामदी (रजि.) यांचा उल्लेख आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या उम्मतीच्या सकाळच्या वेळेत बरकत मिळावी अशी दुआ केल्याचे त्यांनी सांगितले. ते स्वतः व्यापारी होते. आपला माल ते दिवसाच्या सुरुवातीलाच पाठवत आणि त्यांची भरभराट झाली. या धंद्यात ज्यांचे बस्तान बसते, त्यांचा दिवसही बहुधा असाच असतो. फज्रनंतर घर शांत असते, फोन वाजत नाही, नेटवर गर्दी नसते. डोके लागणारे काम, म्हणजे मांडणी आणि कोडिंग, त्या दोन-तीन तासांत. गिऱ्हाइकांचे फोन दहानंतर. जुहरनंतर किरकोळ दुरुस्त्या. असरनंतर नवे शिकणे किंवा बाहेरची भेट.

फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे अभ्यास आणि ५ मिनिटे विश्रांती अशी पद्धत सुरू केली. आज ती जगभर पोमोदोरो म्हणून शिकवली जाते. आपल्याकडे तर दिवसाचे पाच भाग आधीच पाडून दिलेले आहेत. दोन नमाजांमधले एक काम ठरवले आणि अजानच्या आधी ते संपवले, की दिवस आपोआप बांधला जातो. वुजूसाठी उठल्यावर डोळ्यांना आणि पाठीलाही आराम मिळतो.

परदेशी गिऱ्हाईक घेताना घड्याळ आधी पाहावे. दुबईत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा जालन्यात साडेदहा झालेले असतात. न्यूयॉर्कमध्ये नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात होतात. आखातातले काम घराच्या वेळापत्रकात बसते. अमेरिकेचे काम घ्यायचे तर बोलण्याची वेळ मगरिब ते इशाच्या आसपास ठरवून घ्यावी. रात्रभर जागून केलेल्या कामात चुका जास्त होतात आणि तब्येतही जाते.

लिहून ठेवा

या धंद्यात भांडणे होतात ती बहुतेक तोंडी बोलण्यामुळे. "ओळखीचेच आहेत, लिहून काय घ्यायचे?" असे म्हणणाऱ्याचे पैसे हमखास अडकतात. सूरह बकराची २८२वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत. ती उधारीचा व्यवहार, लहान असो की मोठा, लिहून ठेवण्याविषयी आहे. मग किती पाने बनवायची, किती वेळा बदल करून द्यायचे, मजकूर कोण देणार, ॲडव्हान्स किती, उरलेली रक्कम कधी, हे एका कागदावर किंवा निदान एका ईमेलमध्ये लिहिण्यात लाज कसली?

सरकारी पोर्टलवरची उद्यम नोंदणी मोफत होते. ती असलेल्या लहान उद्योगाचे बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. बाकीचा हिशेब सीएला विचारूनच करावा.

दुसरी बाजू अमानतीची. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यायला हवा. तो स्वतःच्या नावावर ठेवून पुढे अडवणूक करणे ही खियानत आहे. चोरीची थीम वापरणे, इंटरनेटवरून कोणाचाही फोटो उचलून लावणे हेही तसेच. चोरीच्या थीममध्ये अनेकदा घातक कोड दडवलेला असतो आणि नुकसान गिऱ्हाइकाचे होते. जुगाराचे ॲप, दारूची जाहिरात, व्याजाने कर्ज देणारी वेबसाइट अशी कामे चांगल्या पैशांची असतात. ती नाकारणे सुरुवातीला जड जाते. पण कोणते काम घेणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलेले असले की प्रत्येक वेळी मनाशी झगडावे लागत नाही.

माध्यमांकडे पाहण्याची नजर

हलवाई आपल्या मिठाईत काय पडले ते जाणतो. तसे वेब डिझायनर जाणतो की पडद्यावर काय कशासाठी ठेवले आहे. "फक्त १० मिनिटे शिल्लक" असे उलटे चालणारे घड्याळ, लपवलेले रद्द करण्याचे बटण, टोपलीत गुपचूप टाकलेली वस्तू, हे सारे मुद्दाम रचलेले असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनेचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. बोटाने सरकवत राहावे आणि पान कधी संपूच नये, ही रचना अझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये बनवली आणि पुढे त्यालाच तिचा पस्तावा झाला. आपली मुले रात्री मोबाइल खाली ठेवत नाहीत, त्यात त्यांच्या कमजोरीइतकाच या कारागिरीचाही हात आहे.

आणखी एक गोष्ट हे काम शिकणाऱ्याला लवकरच कळते. कोणत्याही वर्तमानपत्राचे पान आपल्या संगणकावर उघडून त्यातले मथळे, नावे, आकडे क्षणात बदलता येतात आणि त्याचा स्क्रीनशॉट अगदी खरा दिसतो. मूळ वेबसाइटला हातही लागत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला बातमीचा स्क्रीनशॉट हा पुरावा नसतो. मूळ वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर ती बातमी आहे का, फोटो आधी कोठे छापून आला होता का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची खातरजमा करण्याचा हुकूम आहे. नाही तर अजाणतेपणी कोणाचे तरी नुकसान होते आणि मागाहून पस्तावावे लागते. मोहल्ल्यात दोन समाजांत तेढ लावणारा एखादा स्क्रीनशॉट फिरू लागला, तर घरातला हाच "रिकामा" मुलगा सर्वांत उपयोगाचा ठरू शकतो. त्याला विचारा.

घराने काय करावे?

दुकानावर बसलेल्या मुलाला कोणी मधूनच गॅस सिलिंडर आणायला पाठवत नाही. लॅपटॉपवर बसलेल्याला मात्र दिवसातून पाच वेळा उठवले जाते. त्याच्या कामाचे तास घरात सर्वांना माहीत असावेत आणि पाळले जावेत. एक कोपरा, एक टेबल, एक चांगली खुर्ची एवढी तरी सोय असावी. अब्बांनी महिन्यातून एकदा त्याच्याजवळ बसून कोणती कामे चालू आहेत, कोणाचे पैसे यायचे आहेत, हे विचारावे. त्याने मुलगा जबाबदार होतो आणि वडिलांनाही धंदा कळतो.

मुलींच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचे आहे. अनेक हुशार मुली बारावी किंवा पदवीनंतर घरी बसतात, कारण शहरात एकटे पाठवायला घर तयार नसते. हे काम घरात, आपल्या पडद्याच्या आणि मर्यादांच्या चौकटीत होऊ शकते. हजरत खदीजा (रजि.) मोठ्या व्यापारी होत्या, हे आपण मुलींना अभिमानाने सांगतो. मग घरातला लॅपटॉप फक्त भावासाठी का? शिकायला वेळ, नेटचा खर्च आणि तिच्या कमाईवर तिचाच हक्क, एवढे घराने दिले तर पुष्कळ आहे.

हे काम सोपे आहे असे आम्ही म्हणणार नाही. काही महिने रिकामे जातात, आता यंत्रेही साधी पाने बनवू लागली आहेत. पण गिऱ्हाइकाचे ऐकून घेणे, त्याची भाषा जाणणे, वेळेवर काम देणे आणि अमानत सांभाळणे हे यंत्राकडून होत नाही. ज्याच्याकडे हे गुण आहेत, त्याच्या रोजीला जालन्यातही वाट आहे. म्हणून पुढच्या वेळी कोणी "घरी बसून वेबसाइट बनवतो" असे सांगितले, तर "रिकामा आहे का?" असे न विचारता "कोणाची बनवली, दाखव पाहू" असे म्हणा.

अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या वेळेत, हुनरात आणि कमाईत बरकत देवो. आमीन.