चूक सांगणं हाही उपचारच

किलोभर वजनाच्या बाळाचं औषध मिलिलिटरच्या दशांशात मोजावं लागतं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दसपट मात्रा अंगात जाते. दमलेल्या हातून हे घडू शकतं. प्रश्न त्यापुढचा आहे: बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांना काय सांगायचं? ‘बाळ फार नाजूक होतं’ हे उत्तर खोटं नसतं, म्हणूनच ते सोयीचं पडतं. पण बाळाला स्वतःचं काही सांगता येत नाही. त्याच्या बाबतीत काय चुकलं, काय राहून गेलं हे आईबापांना कळणं हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे. चेन्नईत एग्मोरच्या सरकारी रुग्णालयात 1996 साली 29 आठवड्यांची, साडेबाराशे ग्रॅमची मुलगी जन्मली. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. महिन्याभरात डोळे तपासून वेळेत उपचार केले तर दृष्टी बहुतेकदा वाचते. इथे तपासणी झाली नाही, आणि ती करायला हवी हे पालकांना सांगितलंही गेलं नाही. मुलगी अंध झाली. सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 1 कोटी 80 लाखांची भरपाई दिली ती 2015 मध्ये. वेळ हातात असताना ‘डोळे बघायचे राहिलेत, आजच दाखवा’ एवढं कुणी म्हटलं असतं, तर मुलीला निदान संधी मिळाली असती.

चूक कबूल केली तर नातेवाईक अंगावर येतील, कोर्टात खेचतील, असं डॉक्टर म्हणतात. ही भीती उगाच नाही; हल्ले रोखायला महाराष्ट्राला 2010 मध्ये कायदा करावा लागला. मात्र अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी 2001 पासून चूक आपणहून सांगून, माफी मागून भरपाई देण्याची पद्धत आणली, तेव्हा दर लाख रुग्णभेटींमागे महिन्याला येणारे नवे दावे 7.03 वरून 4.52 वर आले. सगळं श्रेय प्रामाणिकपणाला देता येणार नाही, पण कबुलीने दाव्यांचा पूर आला नाही हे नक्की. आपल्याकडेही साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच स्पष्ट केलं आहे. राहिला संताप. तो चुकीपेक्षा उडवाउडवीने जास्त भडकतो, असं मला वाटतं. म्हणून हे काम रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरवर ढकलू नये. वरिष्ठांनी त्याच दिवशी, समोर बसून, आईला कळेल अशा भाषेत सांगावं आणि डिस्चार्ज कार्डावरही लिहावं, कारण बाळाला पुढे तपासणारा डॉक्टर तेच वाचणार असतो.