प्राणवायु आणि मेंदूच्या विद्युत्-लहरी

पहांटे हिरण्यकेशीच्या कांठीं फिरावयास जाणारा गडहिंग्लजचा रहिवासी ऊर भरून श्वास घेतो, तेव्हां मेंदूला अधिक प्राणवायु मिळाला असें त्याला वाटतें. त्याची प्रसन्नता खरी. परंतु तिचें कारण निराळें आहे. नदीकांठ असो वा मुंबईची गल्ली असो, हवेंत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा २१ च्या आसपासच असतें. आणि निरोगी माणसाच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन एवढ्यानेंच शेंकडा ९७-९८ पर्यंत भरलेलें असतें. घागर कांठोकांठ भरल्यावर धार मोठी केली म्हणून तिच्यांत अधिक पाणी मावत नाहीं.

मग शुद्ध प्राणवायु घेतल्यास काय होतें? रक्तांत नुसता विरघळलेला प्राणवायु दर १०० मिलिलिटरमागें सुमारें ०·३ मिलिलिटर असतो, तो २ पर्यंत वाढतो. पण मेंदूच्या रक्तवाहिन्या लागलीच आकुंचन पावतात. केटी व श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९४८ सालीं दाखविलें कीं, अशा वेळीं मेंदूकडे जाणारा रक्ताचा ओघ सुमारें शेंकडा १३ नें घटतो.

मेंदूंतील विद्युत्-लहरींचा मानवी आलेख जर्मनींत हान्स बर्गर यानें १९२४ सालीं प्रथम घेतला व १९२९ सालीं प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसांत सेकंदास ८ ते १३ आंदोलनांच्या ‘आल्फा’ लहरी दिसतात. साधारण दाबाखालीं शुद्ध प्राणवायु दिल्यास निरोगी माणसाच्या आलेखांत डोळ्यांना दिसण्याजोगा फरक फारसा पडत नाहीं. सूक्ष्म मापनानें जे बदल आढळतात, त्यांविषयीं संशोधकांत एकमत नाहीं. उलट प्राणवायु फार कमी पडला, कीं लहरी मंदावतात आणि शुद्ध हरपते.

आणखी एक नवल असें कीं, दोन-तीन मिनिटें जोरानें भराभर श्वास घेतला तरीहि लहरी मंदावूं शकतात. कारण त्या श्वासोच्छ्वासांत कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, शरीराबाहेर फेंकला जातो व मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. येणारी घेरी ती हीच. ती प्राणवायूची धुंदी नव्हे. अपस्माराचीं लपलेलीं चिन्हें उघड करण्यासाठीं वैद्यकीय तपासणींत या क्रियेचा मुद्दाम उपयोग करतात.

महाराष्ट्रांत हा विचार नवा नाहीं. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीं प्राणायामांतील वायूंची देवघेव प्रयोगशाळेंत मोजली. प्राणायामाचें महत्त्व जादा प्राणवायु मिळण्यांत नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

अतिरेक तर घातकच. वाढत्या दाबाखालीं हाच वायु झटके आणतो, हें पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालीं ग्रंथांत मांडलें. अपुऱ्या दिवसांच्या अनेक बालकांची दृष्टि विसाव्या शतकाच्या मध्यास बेसुमार प्राणवायूमुळें गेली. २०२१ च्या साथींत नळकांड्यासाठीं लोकांना किती धांवाधांव करावी लागली, हें सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या रक्तांत प्राणवायु कमी, त्याला तो जीवनदान आहे. ज्याचें रक्त भरलेलें आहे, त्याच्या बुद्धीला त्यानें धार चढत नाहीं. म्हणून तो पौष्टिक म्हणून न घेतां औषध म्हणून, वैद्याच्या सल्ल्यानें व मापानेंच घ्यावा.